क्रँककेस वाकली? आधी जोड कुठून जातो ते बघा

बोर धरणाच्या वाटेवरच्या हिंगणीत ऑगस्ट लागला की कपाशी-सोयाबीनच्या शिवारात पाठीवरच्या पेट्रोल पंपांची घरघर सुरू होते. एखादा पंप रुसायचा मुहूर्तही नेमका तोच. दोरी ओढून खांदा भरून येतो. सुरू झालाच तर रेस सोडली तरी इंजिन बेफाम पळतं आणि थोड्या वेळात तापून जाम होतं. कार्बोरेटर धुतला, प्लग बदलला, तरी दोन दिवसांनी तेच. अशा वेळी इंजिनच्या पोटाच्या जोडावरून बोट फिरवा. तेलकट ओल आणि तिला चिकटलेली धूळ लागली तर संशय क्रँककेसवर घ्यायचा.

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-ऑइल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, तिथून दाबाने सिलिंडरमध्ये चढतं. जोडातून बाहेरची हवा आत शिरली की त्या मानाने पेट्रोल आणि ऑइल दोन्ही कमी पडतात आणि पिस्टन चिकटतो. म्हणजे केसमधली फट पिस्टनचा खर्च ओढवून आणते. मात्र हीच लक्षणं क्रँकचं ऑइल सील गेलं तरी दिसतात. सील स्वस्त असतं, म्हणून आधी ते तपासायला सांगा.

अॅल्युमिनियमची केस बहुधा आपल्याच हातांनी बिघडते. जोड सुटत नाही म्हणून फटीत पेचकस घालून उचकटणं, एका बाजूचे बोल्ट आधीच पुरते आवळणं, बेअरिंग काढताना एकाच जागी ज्योत धरणं. पेचकसाच्या खुणा दिसल्या तर पंप आधी कुणाच्या हाताखालून गेला हे विचारायला नको.

तपासणी सोपी आहे. जुना गॅस्केट खरवडून केसचा अर्धा भाग जाड, सपाट काचेवर पालथा ठेवायचा आणि कडेने फीलर गेज सरकवायचा. 0.05 मिलिमीटरची पातीही शिरत नसेल तर केस ठीक. नवा गॅस्केट आणि सिलिकॉनचा पातळ हात पुरतो. शिरली, तर घासावं लागेल. घासण्याला होकार देण्याआधी मात्र जोड कुठून जातो ते बघा. सगळा खर्च त्यावरच ठरतो.

केसचे डावा-उजवा असे दोन भाग असतील, म्हणजे क्रँकचा दांडा जोडाला आडवा छेदून जात असेल, तर काम हिंगणीतही होईल. डॉवेल पिना काढायच्या, काचेवर आधी 320 आणि मग 600 नंबरचा पॉलिश पेपर रॉकेल किंवा डिझेल लावून ठेवायचा आणि हलक्या हाताने इंग्रजी आठच्या आकारात घासायचं. तोंडावर मार्करच्या रेघा मारून ठेवाव्यात. सगळीकडच्या रेघा सारख्या पुसल्या की थांबायचं. धातू जितका जाईल तितकी क्रँकची आडवी ढील कमी होते. जोडून बोल्ट आवळल्यावर क्रँक बोटांनी मोकळी फिरली पाहिजे. अडली तर जरा जाड गॅस्केट लागेल.

जोड बेअरिंगच्या मधोमध जात असेल, म्हणजे वरची-खालची अशी दोन ताटं असतील, तर घासूच नका. अर्धा-अर्धा गोल कमी होऊन बेअरिंगचं घर लंबगोल होतं. तिथे दोन्ही भागांचं फेस मारून (मशीनवर तोंड सपाट करून), बांधून पुन्हा बोरिंग करावं लागतं, आणि ते छोट्या पंपाला परवडत नाही. सरळ नवी जोडी घ्या. तडा गेलेल्या केसला आर्गन वेल्डिंग होतं, पण त्या उष्णतेने ती पुन्हा वाकते. म्हणून वेल्डिंगच्या दरात फेस मारणं धरलंय का ते विचारा.

आता पैसे. आकडे साध्या पंपाचे आणि ढोबळ अंदाजाचे. नामांकित कंपनीच्या पार्टला जास्त पडतील. दोन सील 60 ते 200 रुपये, गॅस्केट संच 50 ते 150, दोन बेअरिंग 200 ते 500, पॉलिश पेपर 80 च्या आसपास, खोलून-बसवून मजुरी 300 ते 600. म्हणजे घासण्याची वाट सातशे ते दीड हजारांत बसते. सेलू-वर्ध्याकडे मशीनवर फेस मारून घेतला तर 200 ते 500 आणखी, शिवाय जाण्या-येण्याचा दिवस. नवी केस 800 ते 2,000. पिस्टन-सिलिंडरही गेले असतील आणि सगळं मिळून नव्या पंपाच्या निम्म्यावर जात असेल, तर मी जुन्यात पैसे घालणार नाही. नवा साधा पंप साधारण 6,000 ते 10,000 चा.

दुकानात नेण्याआधी टाकी, नळी, नोझल धुवून न्या. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली. मेकॅनिकचे हात उघडे असतात, हे आपण विसरतो.

काम देताना अंदाज लिहून घ्या, जुने पार्ट परत मागा, बिल घ्या. तक्रारीची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात दाव्याला शुल्क नाही.

पैसे मोजण्याआधी एक चाचणी समोर करून घ्या: कार्बोरेटर आणि सायलेन्सरची तोंडं रबर लावून बंद करायची, गेज असलेल्या हातपंपाने साधारण 6-7 पीएसआय हवा भरायची आणि जोडावर, सीलवर साबणाचं पाणी सोडायचं. टायरचा कॉम्प्रेसर लावू देऊ नका, सील उडेल. काटा मिनिटभर जागचा हलला नाही आणि बुडबुडा आला नाही, तर पाकीट काढा.