रक्तावरची निवळी

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरी आणि टॉवेल विणणारे पुष्कळ कामगार आहेत. त्यांतल्या कुणाला डॉक्टर म्हणाले, "रक्त तपासून या," की तो बिचकतो. म्हणतो, "नको हो! रक्त काढलं की अंगातलं बळ जातं."

हे खरे आहे का? आपण हिशेब करून पाहू. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. साध्या तपासणीला चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर रक्त पुरते. हजार चमच्यांतला एक चमचा गेला. तेवढे अंग पुन्हा भरून काढते. मग भ्यायचे कशाला?

हे रक्त नळीत ठेवले की थोड्या वेळात गोठते. मग यंत्रात नळी गरगर फिरवतात. लाल भाग तळाशी बसतो. वर पिवळसर निवळ राहते. दह्यावर पाणी सुटते ना, तसेच. हाच रक्तरस. दवाखान्यात याला सिरम म्हणतात.

रक्तरसात काय असते? दहा भागांतले नऊ भाग पाणीच. उरलेल्या भागात प्रथिने, क्षार, साखर आणि चरबी असते. युरिया नावाचा टाकाऊ पदार्थही असतो. मूत्रपिंडे बिघडली की तो साठतो. अल्ब्युमिन नावाचे प्रथिन यकृतात तयार होते. ते फार कमी झाले की पायांवर सूज येते. म्हणजे रक्तरस आतल्या दुखण्याची खबर देतो.

रक्तरसात राखणदारही असतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. ती रोगाशी आणि विषाशी झुंजतात. एकाची प्रतिपिंडे दुसऱ्याला वाचवू शकतात, हे १८९० साली बेरिंग आणि कितासातो या शास्त्रज्ञांनी दाखवले. सर्पदंशाचे औषध असेच होते. घोड्याला सापाचे विष अगदी थोडे थोडे टोचतात. त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. ती वेगळी काढून औषध करतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेने हे काम पुष्कळ वर्षे केले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर हे औषध चालते.

म्हणून आम्ही सांगतो, साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ दवडू नका. जखम कापू नका, दोरीने आवळू नका. चावलेला हात-पाय हलू देऊ नका. माणसाला तडक सरकारी रुग्णालयात न्या. मंत्राने विष उतरत नाही. औषधाने उतरते, पण ते वेळेवर मिळाले पाहिजे.

प्रश्न
१. रक्तरस कसा दिसतो?
२. पायांवर सूज का येऊ शकते?
३. साप चावल्यावर काय करावे?