अपांगाची कैफियत

सातारच्या दुय्यम निबंधक कार्यालयात एकवीस वर्षे दस्तनोंदणीचे काम करताना, खेड्यापाड्यांतून आलेल्या माणसांना सही करण्यापूर्वी अथवा अंगठा उठवण्यापूर्वी मजकूर नीट वाचा, वाचता येत नसल्यास विश्वासाच्या माणसाकडून वाचवून घ्या, असे मी किती वेळा बजावले असेल त्याची गणती नाही. आणि तरीही माझ्या स्वतःच्या डोळ्यांवर शस्त्र चालवण्याची मुभा देणाऱ्या चार पानी इंग्रजी कागदावर, शस्त्रक्रियेचा झगा अंगावर चढवून झाल्यावर, डोळ्यांत थेंब पडल्यामुळे अक्षरे पुसट दिसत असताना, परिचारिकेने बोट ठेवलेल्या फुलीपाशी मी निमूटपणे सही केली. त्या सहीचे जे भोगावे लागले ते दुसऱ्या कोणाच्या वाट्यास येऊ नये, एवढ्याच हेतूने ही हकीकत लिहून ठेवीत आहे.

आमच्या घराण्यात डोळ्यांचे बाहेरचे कोपरे उतरते. आजीचे तसे होते, वडिलांचे तसे होते, आणि तरुणपणी माझ्या चेहऱ्याला त्यामुळे एक मवाळपणा आहे असे लोक म्हणत. परंतु चाळिशी उलटल्यावर पापण्यांची कातडी सैल पडू लागली, कोपरे आणखी उतरले, आणि कचेरीत येणारा-जाणारा प्रत्येक जण, ‘मॅडम, आज बरं नाही का?’ असे विचारू लागला. प्रकृती ठणठणीत असताना हा प्रश्न दिवसातून तीनदा ऐकणे किती क्लेशकारक असते, हे ज्याला तो ऐकावा लागतो त्यालाच कळेल. त्यातच मुलीचे लग्न ठरले, व त्या मंगलप्रसंगाच्या छायाचित्रांत आपण खिन्न दिसू नये, या विचाराने मनात घर केले. सुंदर दिसण्याची इच्छा हा अपराध आहे असे मी त्या वेळी मानीत नव्हते आणि आजही मानीत नाही. मृगाक्षी, मीनाक्षी, विशालाक्षी अशी नावे ज्या संस्कृतीने देवींना आणि लेकींना दिली, ज्या संस्कृतीत आकर्ण नेत्र हे सौंदर्याचे परिमाण ठरले, तिच्यात वाढलेल्या स्त्रीला डोळ्याच्या कोपऱ्याची ओढ वाटली तर त्यात नवल नाही. औंधच्या संग्रहालयात राजा रविवर्म्याच्या चित्रांपुढे लहानपणी मी वडिलांचे बोट धरून उभी राहत असे, तेव्हाही माझी नजर प्रथम त्या स्त्रियांच्या डोळ्यांकडेच जाई.

एका मोठ्या शहरातील ज्या दवाखान्यात मी गेले, तेथे मला सांगण्यात आले की दोन्ही कोपऱ्यांत केवळ एकेक बारीक टाका घालून ते वर उचलले जातील, चाळीस मिनिटांचे काम आहे, सायंकाळी घरी जाता येईल. माझी पापणी कोणी ओढून पाहिली नाही. अश्रू पुरेसे येतात की नाही हे तपासले नाही. उन्हाळ्यात माझ्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचते ही गोष्ट मी आपण होऊन सांगितली, तर ती हसून बाजूला सारली गेली. टेबलावर असताना नुसता टाका पुरणार नाही असे शल्यविशारदांना वाटले असावे, कारण त्यांनी कोपरा कापून नव्याने बसवला. आणि ‘आवश्यक वाटल्यास अन्य प्रक्रिया’ अशा एका ओळीने त्यांना ती मोकळीक मीच दिलेली होती, हे मला पुढे कागद वाचवून घेतल्यावर कळले.

पहिला आठवडा सुजेत गेला. दुसऱ्या आठवड्यात उजव्या डोळ्याची खालची पापणी खाली ओढली जाऊन बुबुळाखाली पांढऱ्याची एक पट्टी दिसू लागली, आणि कोपऱ्यात कातडीचा लहानसा पडदा धरू लागला. दवाखान्यातून ‘सूज उतरली की जागेवर येईल’ एवढेच उत्तर मिळत राहिले. लग्नाची तयारी अर्धवट टाकून मी सांगलीस विश्रामबागेत धाकट्या बहिणीकडे गेले, तो एसटीचा प्रवास मी विसरणार नाही: कराडपर्यंत खिडकीचा वारा उजव्या डोळ्यात सुरी फिरावी तसा लागत होता, आणि पदराने डोळा झाकून बसलेल्या मला पाहून शेजारची म्हातारी, काय दुःख झाले म्हणून, पाठीवरून हात फिरवीत होती. त्या रात्री दोन वाजता बहीण पाणी प्यायला उठली, आणि तिने मला हलवून जागे केले. ‘ताई, तुझा डोळा उघडाच आहे गं,’ ती म्हणाली. मी गाढ झोपले होते. पापण्यांच्या फटीतून मात्र पांढऱ्याची एक कोर दिसत होती. सकाळी पापणी बुबुळाला चिकटल्यासारखी का वाटते, पहिल्यांदा डोळा उघडताना ब्रह्मांड का आठवते, याचा उलगडा मला तेव्हा झाला.

दुसऱ्याच दिवशी बहिणीने मला मिरजेस नेले. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांचे इस्पितळ 1894 साली जेथे उभे राहिले, त्या गावी दूरदूरचे रोगी डोळे दाखवायला येण्याची परंपरा जुनी आहे. तेथील नेत्रतज्ज्ञ बाईंनी प्रथम काय केले असेल, तर टिपकागदाची एक चिंचोळी पट्टी माझ्या खालच्या पापणीच्या आत अडकवली आणि घड्याळ लावून पाच मिनिटे मला स्वस्थ बसवले. पाच मिनिटांत दहा मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पट्टी भिजली तर बहुधा चिंता नसते. पाचाच्या खाली भिजली तर कोरडेपणा तीव्र समजावा. माझी चार भिजली. एवढी साधी पट्टी शस्त्रक्रियेपूर्वी कोणी लावली असती, तर मला त्या टेबलावर झोपवण्यात आलेच नसते, असे बाई म्हणाल्या.

मग त्यांनी एका कागदावर डोळ्याची आकृती काढून मला जे समजावले, ते प्रत्येकाने समजून घ्यावे असे आहे. डोळ्याचा बाहेरचा कोपरा ही नुसती कड नव्हे. दोन्ही पापण्या तेथे एका चिवट कंडरेत एकत्र येतात, व ती कंडरा नेत्रकोटराच्या कडेपासून तीन-चार मिलिमीटर आत, गालाच्या हाडावरील एका लहानशा उंचवट्याला घट्ट बांधलेली असते. दारात ताणून बांधलेल्या तोरणाची एक खुंटी सैल झाली की सगळे तोरण लोंबते, तसे हे आहे. ती आतल्या बाजूस बांधलेली आहे म्हणूनच पापणी डोळ्याच्या गोलाईला बिलगून राहते. ती नव्याने बसवताना जरा पुढे बसली तर पापणी आणि डोळा यांच्यात फट राहते, जरा ढिली बसली तर पापणी खाली पडते, आणि मिनिटाला पंधरा-वीस वेळा अश्रूंचा थर पसरून नाकाकडच्या छिद्रांपर्यंत ढकलण्याचे जे काम पापणी आपल्या नकळत करीत असते, ते बिघडते. कोपरा रुंद करण्यासाठी नुसता छेद दिला तर त्याच्या कडा पुन्हा एकमेकींना चिकटू पाहतात, आणि मग माझ्या कोपऱ्यात धरला तसा पडदा धरतो. स्वाभाविक कोपरा आतल्या कोपऱ्याहून साधारणतः दोन मिलिमीटर वर असतो. दोन मिलिमीटर! एवढ्या अंतराच्या हिशेबात ज्या अवयवाचे सर्व सौष्ठव आणि सर्व संरक्षण सामावलेले आहे, त्याचा सौदा मी चाळीस मिनिटांत केला होता.

माझे मामा वाईस वैद्यकी करीत. डोळ्याच्या या बाहेरच्या कोपऱ्यासाठी त्यांच्या तोंडी ‘अपांग’ हा शब्द मी लहानपणी ऐकला होता, पण तो काव्यातला, कटाक्षाचा शब्द आहे अशी माझी समजूत होती. सुश्रुताने अपांग हे मर्मांत गणले आहे, भुवईच्या शेपटाखाली डोळ्याच्या बाहेरच्या अंगाला त्याचे स्थान सांगितले आहे, आणि तेथे इजा झाल्यास अंधत्व अथवा दृष्टीचे वैकल्य येते असा इशारा दिला आहे, हे मला मामांच्या पोथ्या चाळताना उमगले. शल्यकर्माची परंपराही आमच्या देशात जुनी आहे. 1792 च्या युद्धात टिपूच्या माणसांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या इंग्रजी फौजेतील गाडीवानाला, पुण्याच्या एका परंपरागत कारागिराने कपाळाच्या कातडीचे नवे नाक करून दिले. क्रूसो व फिंडले या इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिले आणि ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ते सचित्र छापले. पण कावसजीचे नाक गेलेले होते. जे हरपले ते परत मिळवण्यासाठी पत्करलेला धोका आणि जे शाबूत आहे ते बदलण्यासाठी पत्करलेला धोका यांत अंतर आहे, आणि आजचा कायदाही ते ओळखतो: जन्मजात व्यंग किंवा अपघात यामुळे बिघडलेला अवयव पूर्ववत करणाऱ्या शस्त्रक्रियेला वस्तू व सेवाकराची माफी आहे, निव्वळ सौंदर्यासाठी केलेलीला नाही, आणि विम्याचे पैसेही तिला सहसा मिळत नाहीत.

म्हणून ज्यांना हे करावयाचेच आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की कोपरा किती वर जाईल हे विचारण्याच्या आधी डोळा पूर्ण मिटेल का, हे विचारा. अश्रूंची ती पट्टी लावून घ्या. खालची पापणी चिमटीत धरून ओढून सोडल्यावर ती क्षणात जागेवर जाते, की पापणी मिटल्याखेरीज परतत नाही, हे डॉक्टरांना तुमच्यासमोर पाहू द्या. सैल पापणीवर वेगळ्या रीतीने काम करावे लागते. कंडरा न कापता केवळ टाक्याने आवळणार, की कापून पुन्हा हाडाला बांधणार, हे स्पष्ट वदवून घ्या आणि कागदावर उतरवून घ्या. शल्यविशारदाची नोंदणी व पदवी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे पडताळता येते. पापण्यांच्या शस्त्रक्रियेचे खास शिक्षण घेतलेला नेत्रतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन यांच्याखेरीज कोणाच्या हाती डोळा देऊ नका. डोळे उघडे आणि मिटलेले, अशी दोन्ही छायाचित्रे आधी काढून ठेवा. आणि शस्त्रक्रियेनंतर असह्य ठणका लागला, डोळा बाहेर आल्यासारखा ताठरला किंवा अंधारी आली, तर सकाळची वाट पाहू नका. डोळ्यामागे रक्त साकळले असेल तर काही तासांत दृष्टी जाते.

कागदाविषयी मला अधिक लिहिले पाहिजे, कारण तो माझा प्रांत आहे. संमतिपत्र आदल्या दिवशी मागून घ्या, घरी न्या, मराठीतून समजावून घ्या. समीरा कोहली यांच्या खटल्यात 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने, एका प्रक्रियेला दिलेली संमती दुसऱ्या प्रक्रियेची संमती होत नाही, जिवावरचा प्रसंग असेल तरच अपवाद, असे ठरवून दिलेले आहे. परंतु ‘आवश्यक वाटल्यास’ असल्या मोघम ओळीखाली तुमची सही असली म्हणजे तो निकाल आपल्या बाजूने उभा करणे कठीण होऊन बसते. अशी ओळ दिसली तर ती खोडावयास सांगा, व खोडल्याजागी दोघांच्या सह्या घ्या, जशा आम्ही दस्तावर घेतो. उपचाराची कागदपत्रे मागितल्यास डॉक्टरांनी ती 72 तासांत द्यावीत असा 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेचा दंडक आहे. मी लाजेने सहा महिने मागितली नाहीत. ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याची मुदत सामान्यतः दोन वर्षांची असते, आणि ती अशा लाजेतच निघून जाते.

मिरजेच्या बाईंनी घाई केली नाही. जखमेचा व्रण मऊ होईपर्यंत आठ महिने मी दिवसा अश्रूंचे थेंब आणि रात्री मलम घालून, पापणीवर पट्टी चिकटवून झोपत राहिले. मुलीचे लग्न त्याच अवस्थेत, काळा चष्मा लावून पार पाडले. नंतर त्यांनी पडदा सोडवला, खालची पापणी आखूड करून पुन्हा हाडाला आतल्या बाजूने बांधली. आता माझे दोन डोळे सारखे नाहीत, उजवा कोपरा डाव्याहून किंचित आखूड आहे. पण तो मिटतो. पुढच्या भाद्रपदात मी बहिणीबरोबर सांगलीच्या एका गणपतीच्या कारखान्यात बसले असता, मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर श्वास रोखून बाहेरच्या कोपऱ्याची रेघ ओढताना मी पाहत होते. एक रेघ हलली. त्याने ती पुसली आणि पुन्हा काढली.

गेल्या महिन्यात कचेरीतील एका सहकाऱ्याची मुलगी असाच एक कागद घेऊन माझ्याकडे आली. स्वयंपाकघरातल्या मेजावर बसून आम्ही तो ओळीओळीने मराठीत उतरवला. सव्वा दोन तास लागले, चहा दोनदा झाला. तिसऱ्या पानावर ती थांबली, पेन्सिलीने समासात एक खूण केली, आणि म्हणाली, ‘काकू, रात्री डोळा मिटेल असं यांनी कुठंच लिहिलेलं नाही.’ तो कागद घेऊन ती डॉक्टरांकडे हा प्रश्न विचारायला गेली आहे.