कंपवात आणि पोटाची नोंद

येमाईच्या देवळाच्या उंबऱ्याशी माझा पाय जमिनीला खिळला आणि मागे भाविकांची रांग खोळंबली असताही तो काही केल्या उचलेना, तेव्हा हल्लीच्या गोळ्यांत काही सत्त्व उरले नाही, असे मी घरी परतल्यावर रागाने बोललो. वस्तुतः दोष गोळीचा नव्हता. चार दिवस पोट साफ झाले नव्हते, आणि सकाळची गोळी मी दुधाच्या पेल्याबरोबर घेतली होती.

माझ्या कंपवातावरच्या गोळीतले लेव्होडोपा हे औषध मुख्यत्वे लहान आतड्यातून रक्तात उतरते. कंपवातात जठर अनेकदा उशिरा रिकामे होते, त्यातून दूध-डाळींतील प्रथिनांचे घटक त्याच वाटेने आत शिरू पाहतात; सबब गोळी पोटात असूनही देहास तिचा पुरता उपयोग होत नाही. जठराप्रमाणे आतडीही मंदावतात; हे मांद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ सालच्या आपल्या निबंधातच नमूद केले आहे. कित्येकांना तर हात कापू लागण्यापूर्वी कैक वर्षे मलावरोध जडलेला असतो. मलाही तो होता. महसुलाच्या दप्तरात उभा जन्म काढूनही, शौचाची गोष्ट चारचौघांत काय बोलावी, या संकोचापायी ही नोंद मी डॉक्टरांपुढे कधी केली नाही.

त्याहून मोठी चूक पुढेच होती. मळमळू लागले म्हणून मी एका दवाखान्यात गेलो, आजाराचे नाव सांगितले नाही, आणि मेटोक्लोप्रमाइडची सुई टोचून घेतली. लेव्होडोपापासून मेंदूत जे डोपामिन तयार होते, त्याचेच कार्य हे औषध रोखते. त्या रात्री मला कूसही बदलता येईना, मंडळींनी उशी धरून मला वळवले.

म्हणून माझे कळकळीचे सांगणे असे, की गोळी जेवणापूर्वी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने, पाण्याबरोबर घ्यावी. डाळी-दूध वर्ज्य न करता त्यांची वेळ डॉक्टरांच्या सल्ल्याने मुक्रर करावी. भाकरी, पालेभाजी, पेरू, भरपूर पाणी आणि रोजचे चालणे यांनीही कोठा हलका होत नसेल, तर रेचक डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावे. खाजकुइलीच्या बियांतही लेव्होडोपा असते, तेव्हा तिचे चूर्ण परस्पर घेऊ नये, आणि चालू गोळी एकाएकी बंद करू नये. पोट फुगून उलट्या होऊ लागल्या व वाराही सरेना, तर विनाविलंब इस्पितळ गाठावे.

आजाराचे नाव व गोळ्यांच्या वेळा लिहिलेली चिठ्ठी आता माझ्या खिशात असते. आणि डॉक्टर हाताचा कंप पाहण्याआधीच, पोट शेवटचे केव्हा साफ झाले, ते मी आपण होऊन सांगतो.