गाभण शेळीचा चमचा

अगं, काल फोनवर म्हणालीस, शेळी गाभण आहे पण गोठ्याची भिंत चाटते, चिंध्या चघळते. सासूबाई म्हणतात, डोहाळे असतील. हसण्यावारी नेऊ नकोस. अंगात मीठ, फॉस्फरस कमी पडलं की जनावर असं करतं.

तुला कधी सांगितलं नाही. माझ्या पहिल्या शेळीला जुळी झाली. एक करडू लगेच आचळाला लागलं. दुसरं पुढच्या पायांवर उठायचं आणि मागून लटपटत बसकण मारायचं. शेजारणी म्हणाल्या, नजर लागली. डॉक्टरांनी आधी विचारलं, "शेळीला काय घालत होतीस?" उन्हाळाभर नुसता कडबा! तांबं कमी पडलं असणार, म्हणाले. करडाच्या मज्जातंतूंवरचं आवरण पोटातच चढायला लागतं, त्याला तांबं लागतं. आईकडेच नाही, तर पिल्लाला कुठून? जन्मल्यावर पाजलेल्या औषधाने ती नस पुन्हा धड होत नाही. ते करडू काही जगलं नाही.

आयोडीन कमी पडलं तर करडू गळ्याला गाठ घेऊन, विरळ केसांचं, कधी मेलेलंच जन्मतं. सेलेनियम कमी असलं तर स्नायू दुबळे राहतात, उभं राहून दूध ओढायची ताकद नसते.

आपली उस्मानाबादी जुळ्यांसाठी नावाजलेली. कौतुक आपण करतो, पण दोन पिल्लांची भरती एकाच अंगातून होते. पाच महिन्यांच्या गाभणकाळात पिल्लं झपाट्याने वाढतात ती शेवटच्या सहा आठवड्यांत. आपण मात्र "व्याली की खुराक सुरू करू" म्हणतो. तिथंच चुकतं.

तू आजपासून कडब्यासोबत सुबाभूळ, शेवरीचा पाला घाल. शेळीचं खनिज मिश्रण आण; मोठ्या शेळीला रोज साधारण 10 ग्रॅम पुरतं, तरी माप डॉक्टरांकडून पक्कं कर. आयोडीनचं मीठ ठेव. जास्त घातलं म्हणजे जास्त फायदा, असं नसतं. आणि तुझ्याकडच्या दोन मेंढ्यांना हे मिश्रण चाटू देऊ नकोस. शेळीला मानवतं तेवढं तांबं मेंढीच्या यकृतात साठून तिचा जीव घेऊ शकतं.

तूही दोन जिवांची आहेस. तुझी लोहाची गोळी सासूबाई आठवणीने देतात ना? ती घेतलीस की लगेच शेळीचा चमचा भर.