वस्तूंचें इंटरनेट: शेतांतील उपयोग व गांवांतील धंदा

शेतीपंपास जेथें अद्याप रात्रपाळीनें वीज मिळते, तेथील शेतकऱ्यास मध्यरात्रीं विजेरी घेऊन विहिरीवर जावें लागतें. वाटेंत विंचूकाट्याचें भय, कांहीं तालुक्यांत बिबट्याचेंही. आणि विहिरीवर पोंचावें, तों वीज गेलेली असते. हा एक हेलपाटा वांचविणारें साधनही शेतकऱ्यास मोलाचें वाटेल. अशीं साधनें आज मिळतात. त्यांवर खर्च केव्हां करावा, व त्यांतून गांवच्या तरुणांस कोणता धंदा मिळेल, याचा विचार येथें करण्याचें आम्ही योजिलें आहे.

या विद्येस ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ म्हणतात. हें नांव केव्हिन ॲश्टन यांनीं १९९९ सालीं योजिलें. आपण त्यास वस्तूंचें इंटरनेट म्हणूं. त्याचे भाग चार: मोजणारा संवेदक, आकडा दूर पोंचविणारें रेडिओयंत्र, हिशेब ठेवणारा संगणक, आणि त्याप्रमाणें काम करणारी कळ किंवा माणूस. यांपैकीं एक भाग बिघडला, तर बाकीच्या तिहींचा उपयोग होत नाहीं.

पंप:— वीज येतांच पंप सुरू करणारा ‘ऑटो स्विच’ आपल्याकडे पुष्कळ ठिकाणीं आहे. परंतु त्यामुळें एका रोहित्रावरील सारे पंप एकदम सुरू होतात, आणि रोहित्र जळण्याची भीति असते. मोबाईलवरून चालणारा स्टार्टर यापेक्षां बरा. वीज आल्याचें घरीं कळतें, व पंप हव्या त्या वेळीं सुरू करतां येतो. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांचें ‘नॅनो गणेश’ हें साधन याच प्रकारचें होय. स्टार्टर घेतांना, एखादा फेज गेल्यास किंवा विहिरीचें पाणी संपल्यास पंप बंद होतो कीं नाहीं, हें पाहून घ्यावें.

जमिनीची ओल:— टेन्शिओमीटर म्हणजे पाण्यानें भरलेली नळी. तिच्या खालच्या टोकास सच्छिद्र भाजक्या मातीची कुपी व वर मापक असतो. जमीन सुकूं लागली कीं ती नळींतील पाणी ओढते, आणि ती ओढ सेंटीबारमध्यें दिसते. शून्याजवळचा आकडा म्हणजे जमीन पाण्यानें भरलेली. आकडा जितका मोठा, तितकी ती कोरडी. सुमारें ८० च्या पुढें नळींत हवा शिरते, व आकड्यावर विसंबतां येत नाहीं.

येथें आमची एक चूक सांगणें अवश्य आहे. पहिल्या हंगामांत आम्हीं कुपी ड्रिपरच्या अगदीं खालीं पुरली. आकडा नित्य ‘ओल भरपूर’ असेंच सांगे. वेली मात्र दुपारीं माना टाकूं लागल्या. फावड्यानें उकरून पाहिलें, तेव्हां वीतभर पलीकडील मुळ्या कोरड्या मातींत होत्या. यंत्र खोटें बोललें नव्हतें. आम्हींच त्यास चुकीच्या जागीं बसविलें होतें. म्हणून कुपी ड्रिपरपासून थोडी दूर, मुळ्यांच्या पट्ट्यांत ठेवावी, व दुसरी त्याहून खोल पुरावी. खोल कुपीजवळ सदैव ओल राहिली, तर पाणी मुळ्यांखालीं वायां जात आहे असें समजावें. काळी जमीन भेगाळली कीं कुपी मातीपासून सुटते. तेव्हां ती पुन्हां नीट बसवावी.

द्राक्षबाग:— केवडा रोगाची पहिली लागण ओळखण्याचा जुना ठोकताळा तीन दहांचा आहे: निदान १० अंश सेल्सिअस उष्णता, १० मिलिमीटर पाऊस, आणि १० सेंटीमीटर वाढलेली फूट. बागेंतील हवामानयंत्र पाऊस, उष्णता, दमटपणा व पान किती तास ओलें राहिलें, हें नोंदतें. जिल्ह्याचा अंदाज एक, आणि आपल्या शिवारावर पडलेला पाऊस दुसरा. फवारणी दुसऱ्यावर ठरवावी. तसें केल्यानें अनाठायीं फवारणी टळते, व फळांतील औषधाच्या अंशाची चिंताही कमी होते.

खर्चाची वांटणी:— समजा, असें यंत्र ४०,००० रुपयांस पडलें, व त्याची वर्गणी वर्षास ६,००० रुपये आहे. शेजारच्या दहा बागाइतदारांनीं मिळून घेतल्यास प्रत्येकीं ४,००० रुपये व वर्षास ६०० रुपये येतात. हवा एका शिवारांत बहुधा सारखी असते, म्हणून हें यंत्र सामाइक चालतें. जमीन मात्र बांधागणिक बदलते. ओलीचा मापक ज्याचा त्यानेंच घ्यावा.

गांवांतील धंदा:— पर्जन्यमापकांत पाला व कोळ्याचें जाळें अडकतें, सौरपट्टीवर धूळ बसते, बॅटरी उतरते, सिमकार्डाची मुदत संपते. विकणारा शहरीं असतो, आणि बिघाड शेतांत होतो. विजेचें काम जाणणाऱ्या तरुणानें बसविणें, साफसफाई व तपासणी यांचा वार्षिक करार घेतला, तर त्यास काम मिळेल व यंत्रें चालूं राहतील. दूध शीतकरण केंद्रें व कांदाचाळी येथेंही उष्णता व दमटपणा मोजण्याचें असेंच काम आहे. जेथें मोबाईलची रेंज नाहीं, तेथें लोरा पद्धतीचीं रेडिओयंत्रें उपयोगी पडतात. त्यांस लागणारा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा भारतांत परवान्याशिवाय वापरतां येतो.

खरेदीपूर्वीं तीन प्रश्न विचारावे. या आकड्यानें आपलें कोणतें काम बदलणार? वर्गणी थांबल्यास जुन्या नोंदी आपल्यास मिळतील काय? दुरुस्तीस कोण, किती दिवसांत येईल? पहिल्या प्रश्नास उत्तर नसेल, तर पैसा खर्चूं नये. यंत्र घेतल्यावर एक हंगाम त्याचा आकडा व आपण हातानें पाहिलेली माती, दोन्ही एकाच वहींत लिहावीं. दोहोंचा मेळ बसला, म्हणजे रात्रीं निश्चिंत निजण्यास हरकत नाहीं.