विषारी औषधी वनस्पतींचीं जुनीं चित्रें व त्यांपासून घ्यावयाचा धडा

सुप्याच्या माळावर, ओढ्याकांठीं व परसांत धोतरा, रुई, कण्हेर हीं झाडें आपल्या नित्य पाहण्यांतलीं आहेत. वैद्य त्यांस औषधांत घेतात. परंतु मात्रा अथवा ओळख चुकली तर तींच प्राण घेतात. अशा वनस्पतींचीं चित्रें विद्वानांनीं कष्टानें कां काढविलीं, व त्यांचा शेतकऱ्यास उपयोग काय, याचा विचार आज आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

या विषयांतील नामांकित ग्रंथ ‘होर्टस मलबारिकस’ हा होय. मलबारांतील डच अधिकारी व्हान रीड यांनीं तो तयार करविला व १६७८ ते १६९३ या काळांत ॲम्स्टरडॅम येथें त्याचे १२ खंड छापले गेले. रंगा भट, विनायक पंडित व आपू भट या तिघां कोंकणी वैद्यांनीं त्यास साह्य केलें. त्यांचा १६७५ सालचा नागरी लिपींतील दाखला पहिल्या खंडांत आहे. आपल्या पुणें जिल्ह्यांतही दापोडीच्या सरकारी बागेंत डॉ. गिब्सन यांनीं १८४७ ते १८५० च्या दरम्यान एका चित्रकाराकडून वनस्पतींचीं १७२ चित्रें काढविलीं. तीं आज एडिंबरो येथें जतन केलेलीं आहेत. चित्रकाराचें नांव मात्र मागें राहिलें नाहीं. पुढें डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनीं मुंबईकडील विषारी वनस्पतींवर लेखमाला लिहिली. त्यांचा व मेजर बसु यांचा औषधी वनस्पतींचा सचित्र ग्रंथ कीर्तिकरांच्या निधनानंतर, १९१८ सालीं, प्रसिद्ध झाला.

चांगल्या चित्रांत केवळ फूल नसतें. पान, फळ, बीं व मूळ हीं निरनिराळीं दाखविलेलीं असतात. याचें कारण असें कीं, फूल थोडे दिवस टिकतें, पण विष बारमास असतें. तीन उदाहरणें पाहूं.

कळलावी : पानाचें टोंक तणाव्यासारखें वळलेलें असतें व फुलाच्या पाकळ्या पिवळ्या-तांबड्या, उलट्या वळलेल्या असतात. वेल सुकल्यावर जमिनींत कंद तेवढा राहतो. त्याचा आकार नांगरासारखा, म्हणूनच संस्कृतांत ‘लांगली’ हें नांव पडलें. खाण्याचा कंद समजून तो शिजविल्यास जीवावर बेततें.

धोतरा : फळ कांटेरी असतें. बीं मिरचीच्या बियांसारखें चपटें दिसतें. परंतु मिरचीचें बीं गुळगुळीत व पिवळें, तर धोतऱ्याचें तपकिरी छटेचें, खडबडीत व जाड कडेचें असतें. विष बाधल्यास तोंड कोरडें पडतें, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात व मनुष्य बरळूं लागतो.

कण्हेर : बहुधा तीन-तीन पानें एके ठिकाणीं निघतात. पान वाळलें तरी विष जात नाहीं. म्हणून कुंपण छाटल्यावर डहाळ्या कडब्याच्या गंजीजवळ अथवा गोठ्यापाशीं कधींही टाकूं नयेत. थोड्या पानांनींही जनावर दगावतें.

आमची सूचना अशी कीं, प्रत्येक शेतकऱ्यानें आपल्या बांधावरील अशा झाडांचें पान, फूल, फळ व बीं कागदांत दाबून, नांव व महिना लिहून ठेवावें आणि घरांतील मुलांस व गड्यांस तें दाखवावें. हाच आपला चित्रसंग्रह. विषबाधेची शंका येतांच घरगुती उपायांत वेळ न दवडतां मनुष्यास रुग्णालयांत न्यावें, जनावरासाठीं पशुवैद्यास बोलवावें, आणि खाल्लेल्या झाडाची डहाळी बरोबर न्यावी. ती डहाळी पाहून वैद्यास विषाची ओळख लवकर पटते, आणि अशा वेळीं घटकाभराचा विलंबही महाग पडतो.