बँकेच्या नावाने येणारी खोटी पत्रे

पूर्वी पेडणे-डिचोलीच्या घरोघरी बँकेचे पत्र पोस्टमन आणून देत असे. आता ते ई-मेलने मोबाईलवर येते. पोस्टमन ओळखीचा असे, ई-मेल धाडणारा नसतो. तेव्हा खरे-खोटे कसे पारखावे, ते पाहू.

पहिली खूण घाईची. ‘आजच माहिती न दिल्यास खाते बंद होईल’ असा धाक बहुधा ठकाचाच असतो. दुसरी खूण मागणीची. कोणतीही बँक पासवर्ड, पिन वा ओटीपी विचारीत नाही. तिसरी खूण पत्त्याची. बँकेचे नाव कोणीही लावू शकतो. म्हणून नावामागचा पूर्ण पत्ता वाचावा. रिझर्व्ह बँकेने बँकांना आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर नेण्यास सांगितले, ते याचसाठी. तरीही पत्रातील दुवा दाबू नये. पासबुकावरील क्रमांकावर विचारावे किंवा शाखेत जावे.

फसगत झालीच, तर लाजून गप्प बसू नये. तत्काळ बँकेस कळवावे व १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसा पुढे सरकण्यापूर्वी अडविता येतो. गुपित आपणच सांगितले, तर कळवीपर्यंतचे नुकसान आपले व त्यानंतरचे बँकेचे, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ साली ठरविले. म्हणजे घटकेघटकेला किंमत आहे.

आमच्याकडे कर्ता मुलगा बोटीवर वा आखातात असतो आणि खाते वृद्ध आईवडील सांभाळतात. शिकत्या मुलांनी त्यांना हा पाठ एकवार वाचून दाखवावा, एवढीच विनंती.